टॉवेलखालचा आकडा

मॅडमच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकाजवळ एक दोनशेपानी वही दोरीनं बांधून ठेवलेली आहे. बरं वाटलेल्या पेशंटनं तिच्यात चार ओळी लिहायच्या, म्हणजे नव्यानं आलेल्या घाबरलेल्या माणसाला धीर येतो, अशी इथली पद्धत. पहिल्यांदा आलो तेव्हा मी ती चाळली होती. बहुतेकांनी 'मॅडम देवमाणूस आहेत' एवढंच लिहून खाली सही ठोकलेली. त्यानं मला काडीचाही धीर आला नाही. म्हणून मी जरा सविस्तर लिहितो. आज वेळही आहे, आत अजून पाऊण तास लागेल. आत कोण आहे ते ओघानं येईलच.

माझं नाव महादेव, पण सगळे आप्पा म्हणतात. गाव सदलग्याच्या शेजारी. धंदा बैलांच्या दलालीचा. आजा तेच करायचा, वडील तेच करायचे. ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांना एक गोष्ट सांगायला हवी, कारण माझ्या आजाराची सगळी गोम तिथंच आहे. आमचा भाव तोंडानं ठरत नाही. विकणारा आणि मी हातात हात घेतो, वर टॉवेल टाकतो आणि आतल्या आत बोटं दाबतो. एक बोट धरलं तर एक, म्हणजे दहा हजार, दोन धरली तर दोन, सगळा पंजा धरला तर पाच. पंजा धरून सोडला आणि लगेच तीन बोटं धरली, की आठ. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा दोघांनाच ठाऊक.

यात बोटांइतकंच तोंडाला महत्त्व. आतला आकडा कळून पोटात गोळा आला तरी तोंड कसं ठेवायचं, तर सोयऱ्याच्या लग्नात पंगतीला बसल्यासारखं. माझ्या तोंडाची तर बाजारात ख्याती होती. आमच्यातला एक म्हातारा दलाल म्हणायचा, "तोंडावरची माशी हलंल, पर आप्पाचं तोंड हलायचं न्हाय."

अशा माणसाला काळजीनं पोखरलं, तर ते कळणार कुणाला?

बाजारात

काळजी कसली, तर सगळ्यांना असते तीच. ट्रॅक्टर आले, छोटी यंत्रं आली, बाजारात बैल कमी आणि बघे जास्त झाले. तीन पिढ्यांचा धंदा आपल्याच हातावर संपणार की काय, असं मनात यायचं. ते मी कुणाला बोललो नाही. दिवसाला बारा-चौदा चहा, गालात तंबाखूची गोळी आणि झोप म्हणाल तर नावाला. निपाणीच्या आसपास राहून तंबाखू न खाणारा माणूस दाखवा, असं मीच सगळ्यांना सांगायचो.

दिवाळीनंतरच्या एका बाजारात चिकोडीकडच्या एका शेतकऱ्याचा हात माझ्या हातात होता, वर टॉवेल. एकाएकी छातीला कुणीतरी दावं बांधून आवळायला लागल्यासारखं झालं. कानात घूं असा आवाज. पाठीवरनं घाम. जीव जातोय असंच वाटलं. मी घाबरून त्याचा पंजा गच्च धरला आणि तो मला सोडवेना. त्या बिचाऱ्याला वाटलं, आप्पा पाचावर अडून बसलाय. तो सहावर होता. माझ्या तोंडाकडं बघितलं तर तिथं काहीच नाही. दोन मिनिटं वाट बघून तो म्हणाला, "जाऊ द्या आप्पा, पाच तर पाच," आणि मी खाली कोसळलो. आयुष्यातला सगळ्यात चोख सौदा मी चक्कर येऊन पडता पडता केला. नंतर त्या माणसाला बोलावून सहाच दिले, ही गोष्ट वेगळी.

दोन

निपाणीच्या दवाखान्यात तीन दिवस होतो. छातीला वायरी, दंडाला पट्टा, पहाटे रक्त, सकाळी इडली, दुपारी डॉक्टरांची फेरी. हा वेळापत्रकाचा भाग मला आवडलाच. आपण काहीच ठरवायचं नसतं, यात पण एक सुख असतं.

फेरीच्या आधी नर्स यायची आणि विचारायची, "आप्पा, त्रास किती हाय? दहापैकी सांगा." मी सांगायचो, "दोन."

पहिल्या दिवशी मी ते 'दोन' कसं सांगितलं, हे आता आठवलं की माझं मलाच हसू येतं. छातीत धडधड चालू, हातपाय गार, मनात मरणाचे विचार. पण आकडा विचारला की खरा आकडा पहिल्या झटक्याला सांगायचा नाही, हे आमच्या रक्तातच. समोरचा आपल्याला जोखतोय म्हटल्यावर दलालाचं तोंड आपोआप गप्प होतं. तिनं कागदावर दोन लिहिलं. डॉक्टरांनी दोन वाचलं. तपासण्या सगळ्या झाल्या. हृदयात काही नाही, रक्तदाब वाढलेला. गोळी दिली आणि सांगितलं, "टेन्शन घेऊ नका." चूक त्यांची नव्हती. मी सांगितला तो भाव त्यांनी धरला.

आजाऱ्याला बघायला जायची आपल्याकडं रीत आहे आणि ती पाळली नाही तर सात पिढ्यांचा अबोला होतो. म्हणून माझ्या कॉटभोवती अख्खं गाव. प्रत्येकाच्या हातात बिस्किटाचा पुडा नाहीतर शहाळं, आणि तोंडात कुणाच्या तरी मरणाची गोष्ट. माझी थोरली बहीण, आमची आक्का, सगळ्यात पुढं. "आमच्या भावजीला बी असंच झालतं रं. छातीत जरा दुखलं. चहा प्याले अन् गेले." एवढं सांगून ती मला म्हणाली, "तू चहा पी की."

त्या गर्दीत वॉर्डात झाडणाऱ्या एक मावशी होत्या. रोज संध्याकाळी त्या सगळ्यांना बाहेर काढायच्या, माझ्या पायावरचं पांघरूण नीट करायच्या आणि एक शब्द न बोलता निघून जायच्या. त्या पाच मिनिटांसाठी मी दिवसभर थांबायचो.

पायताण

घरी आलो. माझी बायको सुमन. लग्नाला एकतीस वर्षं झाली. तिनं मीठ कमी केलं, गोळीची वेळ पाळली आणि एका शब्दानं विचारलं नाही की तुम्हाला काय होतंय. मी पण सांगितलं नाही.

खरं असं होतं, की मला बाजाराची भीती बसली होती. बाजाराच्या दिवशी टॉवेल खांद्यावर टाकून निघायचो, एसटीत बसायचो, बाजाराच्या तोंडाशी उतरायचो. बैलांच्या घुंगरांचा आवाज आला की छातीत तेच दावं आवळायला लागायचं. मग उलट्या पावली निपाणीच्या स्टँडवर येऊन दुपारपर्यंत कोल्हापूरच्या गाड्या मोजत बसायचो आणि घरी जायचो.

"कसा झाला बाजार?" सुमन विचारायची.

"बरा."

असे पाच-सहा बाजार गेले. ज्या धंद्यावर आजा, वडील आणि मी जगलो, त्या बाजाराच्या दारातनं पळून येतोय, ही लाज छातीतल्या दुखण्याहून वाईट होती. परत तिथं उभं राहता येणार की नाही, एवढा एकच प्रश्न डोक्यात असायचा. बाकी जगात काय चाललंय याचा पत्ता नव्हता.

आमची मुलगी राजश्री बेळगावात कॉलेजात शिकवते. फोनवर माझा आवाज ऐकून तिला काय कळलं कुणास ठाऊक. म्हणाली, "बाबा, इथं हिंडलग्याच्या वाटेवर एक डॉक्टर आहेत. शिक्षण आपल्या नेहमीच्या डॉक्टरकीचं, आणि वर चिनी पद्धतीच्या सुयांचं पण शिकल्यात. दोन्ही जोडीनं करतात. एकदा या."

सकाळच्या गाडीला निघालो, तर शेजाऱ्यानं विचारलं, "कुठं आप्पा?" मी म्हणालो, "हिंडलग्याला." तिथं मोठा तुरुंग आहे हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. तो हातातली तांब्याची घागर खाली ठेवून म्हणाला, "अरं देवा! काय केलासा?"

आक्काला कळलं तेव्हा तिनं वेगळीच काळजी केली. "चायनाचा माल हाय रं. गॅरंटी नसती."

दात बघितले

मॅडम घरात कन्नड बोलणाऱ्या, पण मराठी झकास. आधी त्यांनी निपाणीचे सगळे कागद वाचले, तिथल्या डॉक्टरांना माझ्यासमोर फोन लावला आणि मग मला बजावलं, "आप्पा, रक्तदाबाची गोळी चालूच राहणार. सुई गोळीच्या जागी नाही, गोळीच्या जोडीला. कुणी सांगितलं गोळी सोडा, तर त्याला सोडा." मला हे पटलं. बैल पण एकटा नांगर ओढत नाही.

मग म्हणाल्या, "तोंड उघडा. जीभ दाखवा."

जिभेचा रंग बघितला, कडा बघितल्या, वरचा थर बघितला. मी मनात म्हटलं, आयला, हे तर आपलंच काम. आम्ही बैलाचं तोंड उघडून दात मोजतो आणि वय काढतो. आयुष्यभर दुसऱ्यांची तोंडं उघडली, आज कुणीतरी आपलं उघडलं. मग त्यांनी माझं मनगट हातात घेतलं आणि नाडीवर तीन बोटं ठेवली. चिनी वैद्यकीत नाडी अशीच तीन बोटांनी, दाब कमी-जास्त करून बघतात म्हणे. पण मला कुठलं चीन आणि कुठलं काय! मनगटावर बोटं दाबली गेली आणि माझ्या हातानं आपसूक त्यांची दोन बोटं धरली.

मॅडम दचकल्या. "काय करताय?"

मी हात मागं घेतला. "माफ करा मॅडम. सवय हाय."

सगळं सांगितलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या. "आता जरा चालून दाखवा," म्हणाल्या. मी चाललो. बैलाला पण शेवटी चालवूनच बघतात. आता भाव सांगतील, असं वाटलं. पण त्यांनी मलाच विचारलं, "त्रास दहापैकी किती?"

"दोन."

त्यांनी दोन लिहिलं.

सुयांची भीती वाटणाऱ्यांसाठी लिहितो. बैलाच्या खुराला पत्री, म्हणजे नाल, ठोकताना मी शेकडो वेळा बैलाचं डोकं धरलंय, आणि त्या टेबलावर मला तेच आठवत होतं. प्रत्यक्षात सुई केसाएवढी. टोचताना डास चावल्यासारखं, मग तिथं जरा जड वाटतं, आणि मग माझ्याबाबतीत तरी असं झालं की मी घोरायला लागलो. कित्येक महिन्यांत दिवसाउजेडी अशी झोप लागली नव्हती. उठलो तर पडद्यापलीकडची बाई हसत होती.

चार आठवडे गेलो. दर वेळी प्रश्न तोच आणि उत्तर तेच. सुयांनी दोन दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा स्टँडवर कोल्हापूरच्या गाड्या. पाचव्या वेळी मॅडम म्हणाल्या, "आप्पा, त्रास दोनच आहे आणि तिथंच थांबलाय. मग दर आठवड्याला एवढ्या लांबनं हेलपाटे कशाला? आता महिन्यानं या." मला नको म्हणायचं होतं. तोंड म्हणालं, "बरं मॅडम."

निघताना त्यांनी घरचा अभ्यास दिला. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासनं तीन बोटं वर एक जागा असते. रोज संध्याकाळी दहा मिनिटं घरातल्या कुणाकडनं तरी ती दाबून घ्यायची, आणि श्वास सावकाश सोडायचा. "स्वतः नाही दाबायची. दुसऱ्याच्या हातात हात द्यायचा," असं त्यांनी मुद्दाम सांगितलं.

सोप्यात

आमच्या सोप्याचं, म्हणजे पुढच्या खोलीचं, दार रस्त्यावर उघडतं. संध्याकाळी समोरनं डेअरीला दूध घेऊन माणसं जातात. अशा वेळी नवऱ्याचा हात हातात धरून बसायचं म्हणजे सुमनला मेल्याहून मेल्यासारखं. "आत बसू," म्हणाली. आत वारा नव्हता. शेवटी तिनंच माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि हातांवर टाकला. "आता बघू द्या कुणाला बघायचं त्ये."

तीस वर्षं भाकरी थापणाऱ्या बाईचा अंगठा काय असतो ते मला त्या दिवशी कळलं. मी श्वास सोडत होतो. ती दाबत होती. मध्येच तिनं हळू विचारलं, "किती हाय हो दुखणं?"

"दोन," मी म्हणालो.

आणि टॉवेलखाली माझ्या हातानं तिचा पंजा धरला, सोडला, आणि तीन बोटं धरली.

मी ते केलं नाही. हातानं केलं. एवढी वर्षं टॉवेलखाली मी खोटा आकडा कधी दिलेला नाही. दलालाचा तो धर्म आहे, तोंड काहीही बोलू दे. सुमनचा अंगठा थांबला.

"आठ?" ती म्हणाली. "अवो, आठ! अन् त्या बाईला दोन सांगून आलायसा?"

मी विचारलं, "तुला आकडं कुठनं कळत्यात? तू तर कधी बाजाराचं तोंड बघितलं न्हाईस."

"बाजाराला जायला कशाला लागतंय? लगीन झाल्यापासनं झोपंत माझी बोटं धरून सौदं करताय की. तोंडानं बडबडताय पाच, सात, अन् बोटं आवळताय. एकतीस वरसं शिकवणी चाललीया माझी."

मला हसावं की रडावं कळेना. पण तिचं संपलं नव्हतं. ती रस्त्याकडं बघत म्हणाली, "अन् बाजाराला जात न्हाईसा, त्ये बी ठावं हाय मला. दोन महिनं झालं, पायताणाला शेण न्हाय तुमच्या."

मी रडलो. सोप्यात, दूधवाल्यांच्या देखत. बाप गेला तेव्हा रडलो नव्हतो. सुमननं टॉवेलाचं टोक माझ्या तोंडावरनं फिरवलं आणि खालचा हात काही सोडला नाही.

नवी पद्धत

दुसऱ्याच दिवशी ती मला घेऊन बेळगावला आली. राजश्रीला पण सांगितलं नाही. मॅडमच्या टेबलासमोर बसली, माझ्या खांद्यावरचा टॉवेल काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, ह्यास्नी तोंडानं काय इचारू नका. ह्यो घाला वर, अन् हात धरून इचारा."

मॅडमनी खरंच टॉवेल टाकला. माझ्या हातानं आठ सांगितलं. त्यांनी मागची पानं उलटली, सगळी 'दोन' लाल पेननं खोडली आणि म्हणाल्या, "मी आत्तापर्यंत दुसऱ्याच माणसावर उपचार करत होते की."

तिथनं खरे उपचार सुरू झाले. आठवड्यातनं दोनदा सुया. निपाणीच्या डॉक्टरांशी बोलून गोळीत बदल. मनाच्या डॉक्टरांकडं पाठवलं, आणि तिथंही टॉवेल सोबत नेला. चहा चारावर आला. तंबाखू सोडताना मी घरातल्या प्रत्येकाशी भांडलो, मांजराशीसुद्धा. रोज पहाटे चालणं आणि रोज संध्याकाळी सोप्यात टॉवेल.

एकदम उतार पडला, असं लिहिणार नाही. आठाचं सात झालं, मग एका लग्नात पुन्हा छाती आवळली आणि सरळ नऊ. मला वाटलं, संपलं. मॅडम म्हणाल्या, "नऊ सांगितलंत ना? मग उतरेल. दोन सांगणाऱ्याचंच अवघड." मग सहा झालं, बरेच दिवस सहाच राहिलं, आणि उन्हाळ्यात चारावर आलं. यात सुयांचं किती, गोळीचं किती, चहा कमी केल्याचं किती आणि सुमनच्या अंगठ्याचं किती, असं मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला वेगळं करून सांगता येणार नाही. तुम्ही पण वेगळं करायला जाऊ नका." आक्का मात्र सगळ्यांना सांगते, "चायनाचा असून टिकला बघा."

बेंदराचा बाजार

बेंदूर म्हणजे आमच्याकडचा बैलपोळा, आणि त्याच्या आधीचा बाजार वर्षातला मोठा. बैलांना रंग, झुली, शिंगांना गोंडे. मॅडमनी सांगितलं होतं, आता जायला हरकत नाही. तो बाजार आज होता.

आज सकाळी अंघोळ करून, धुतलेला टॉवेल खांद्यावर टाकून मी तयार झालो. छातीत थोडं हललं, पण तीनच्या वर नव्हतं. सुमननं भाकरी बांधून दिली.

"जाऊ न्हवं?" मी विचारलं.

"जावा की. मला काय हुतंय?"

ती चुलीकडं वळणार इतक्यात मी तिचं तोंड बघितलं. त्यावर काहीच नव्हतं. सोयऱ्याच्या लग्नात पंगतीला बसल्यासारखं तोंड. मी ते ओळखलं, कारण ते माझं होतं. घरात कधीपासनं वापरात आहे, देव जाणे.

मी टॉवेल काढला, तिचा हात घेतला आणि वर टाकला. "सुमन, तुझं किती?"

"चेष्टा पुरं. गाडी चुकंल."

"तुझं किती?"

तिनं हात ओढला. मी सोडला नाही. बाहेर बाजाराला जाणाऱ्या गाड्यांचे घुंगरू वाजत होते. मग तिच्या हातानं माझा पंजा धरला. सोडला. आणि एक, दोन, तीन, चार बोटं धरली.

नऊ. तोंडावर काही हललं नाही.

"कवापासनं?"

"तुमी पडल्यापासनं. रात्रभर तुमचा श्वास मोजत बसतीया. माझंच काळीज धडधडाय लागतंय मग. हातपाय गार पडत्यात."

"मग सांगितली का न्हाईस?"

"इचारलंय कुणी?"

चार-पाच महिने घरात रोज संध्याकाळी आकडा विचारला जात होता, आणि तो एकाच बाजूनं. तिचा तो सवाल मला छातीतल्या दाव्याहून जोरात लागला. मी पायातलं पायताण बदललं, भाकरी पिशवीत टाकली आणि म्हणालो, "चल."

"कुठं? बाजार?"

"हिंडलग्याला."

गाडीत ती सगळी वाट कुरकुरत होती. मला कशाला सुया, मला काय झालंय, बेंदराचा बाजार सोडून कुणी येतं व्हय. निपाणीच्या पुढं हायवेवर सजवलेल्या बैलांचे दोन टेम्पो आमच्या गाडीला आडवे गेले. मी मान वळवून ते दिसेनासे होईपर्यंत बघितले, आणि छातीत काही झालं नाही.

तर आत सुमन आहे. म्हणून मला वेळ आहे.

नव्यानं आलेल्या माणसाला एवढंच सांगतो. सुईला घाबरू नका, गोळी सोडू नका आणि आकडा खरा सांगा. तोंडानं जमत नसेल तर बाकाच्या कडेला माझा जुना टॉवेल टांगून ठेवलाय, तो घ्या. आणि तुमचा हात धरून जो बसतो, त्याला पण एकदा विचारा.

सुमन आत्ताच बाहेर आली. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. म्हणजे घोरली असणार. बाकावर माझ्या शेजारी बसली. मी टॉवेल टाकला. तिनं पंजा धरला, मग दोन बोटं. सात. मी सवयीनं सहा दाबले.

तिनं हात झटकला. "हितं घासाघीस चालायची न्हाय. सात म्हंजे सात."

मॅडम दारातनं बघत होत्या, त्यांनी तिच्या कागदावर सात लिहिलं. पुढच्या बाजाराला ती पण माझ्यासोबत येणार म्हणते. बैलबाजारात कुणाची बायको आलेली मी आजवर बघितली नाही. लोक काय म्हणतील ते म्हणोत. मी टॉवेल काढून पुन्हा खांद्यावर टाकला आणि तिचा हात तसाच धरून ठेवला. समोरच्या बाकावर चार माणसं बसलीत, टक लावून बघतायत. वही घसरतेय, आणि ती धरायला माझा दुसरा हात मोकळा नाही, म्हणून इथंच थांबतो.